पाचपैकी पाच मिळालेलं ब्रीफिंग आणि 300 फुटांची चूक

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका फ्लाइंग स्कूलमधे ऑपरेशन्स आणि क्वालिटी दोन्ही बघणाऱ्या ताई विचारतायत की आमच्याकडे विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर धरून साठेक पायलट आहेत, हवामानाचं ब्रीफिंग, नोटॅम (रनवे बंद वगैरेच्या सूचना), फ्लाइट प्लॅन, एडीसी-एफआयसी नंबर (निघण्याआधी वायुसेनेकडून आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून घ्यायचे), इंधन हे सगळं ऑप्स डेस्क बघतो, दर तीन महिन्यांनी फीडबॅक फॉर्म भरून घेतो, सरासरी 4.6 येते, ऑडिटर खूश, पण इन्स्ट्रक्टर लोक चहाच्या टपरीवर वेगळंच बोलतात. तर फॉर्म कसा सुधारू?

ताई, टपरीवरचं बोलणं खरं धरा आणि 4.6 बाजूला ठेवा. मी वीसेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचमधे काढली, शेवटची काही वर्षं एका ट्रेनिंग स्कूलच्या ऑप्स डेस्कवर होतो, आणि असे फॉर्म मी स्वतः बनवले, वाटले, गोळा केले, एक्सेलमधे भरले आणि ऑडिटला मिरवलेसुद्धा. त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं स्वतःच्या चुकांवरूनच.

आधी एक किस्सा सांगतो, म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. पावसाळ्याचे दिवस, आमची एअरफील्ड छोटी, टॉवर नाही, जवळच्या एअरपोर्टचं मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाची ताजी नोंद, फोनवर घ्यायचं आणि मुलांना सांगायचं. ऑप्स रूममधे पंखा घरघरतोय, बाजूला रेडिओ चालू, आणि डेस्कवरचा मुलगा फोन कानाला लावून जोरात वाचतोय, वारा अमुक, व्हिजिबिलिटी तमुक, क्यूएनएच वन झीरो झीरो थ्री. समोरच्या विद्यार्थ्याने नी-बोर्डवर लिहिलं 1013. आता क्यूएनएच म्हणजे उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरमधे लावायचा हवेचा दाब, त्यात दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुईवर साधारण 300 फूट, आणि चूकही नको त्या बाजूला, म्हणजे सुई जास्त उंची दाखवणार आणि विमान खरं तेवढं खाली असणार. निघण्याआधी इन्स्ट्रक्टरने अल्टिमीटर फील्डच्या एलिव्हेशनशी ताडून बघितला म्हणून तिथेच सापडलं, पुढे काही झालं नाही. पण गंमत पुढेच आहे. त्याच आठवड्यात आमचा तिमाही फॉर्म फिरला आणि त्याच मुलाने 'ब्रीफिंगमधील माहितीची स्पष्टता' या ओळीपुढे पाचपैकी पाच दिले होते. फॉर्मवर नाव नव्हतं, पण अक्षर ओळखू येत होतं, आणि त्याने खोटं लिहिलंय असंही नाही. त्याला खरंच स्पष्ट वाटलं होतं! ज्याने चुकीचं ऐकलंय त्याला आपण चुकीचं ऐकलंय हे कसं कळणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पायलट खूश आहे का हे विचारून तुम्हाला ब्रीफिंगबद्दल फार काही कळत नाही, त्या ब्रीफिंगवरून त्याने काय ठरवलं आणि ते ठरवायला त्याला काय कमी पडलं हे विचारलंत तर कळतं.

आता तुमचा 4.6 कुठून येतो ते बघू. माझा अंदाज, फॉर्म ऑप्स डेस्कच्या काउंटरवरच ठेवलेला असतो, ज्याला मार्क द्यायचे तो ब्रीफर समोरच बसलेला असतो आणि पेनसुद्धा त्याचंच असतं. आपल्याकडे समोरच्या माणसाला तोंडावर तीन मार्क द्यायची पद्धत नाही हो, लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर कोण खरं सांगतं. त्यात विद्यार्थ्याचं वेगळंच टेन्शन, त्याची सोलो कोण सोडणार, चेक कोण घेणार, स्लॉट कोण लावणार, हे सगळे 'सर' त्याच इमारतीत. नाव लिहू नका म्हणून सांगितलं तरी तारीख आणि विमानाचं रजिस्ट्रेशन लिहायला लावलंत की त्या दिवशी ते विमान कोणी उडवलं हे लॉगमधून दोन मिनिटांत निघतं, आणि मुलांना हे बरोब्बर माहीत असतं. तेव्हा तारीख-विमान मागू नका, फक्त महिना आणि उड्डाणाचा प्रकार विचारा, सर्किट, लोकल की क्रॉस-कंट्री. फॉर्म मोबाइलवर द्या, क्यूआर कोड हॉस्टेलच्या मेसमधे लावा, डेस्कवर नको. आणि उत्तरं ऑप्स आणि चीफ इन्स्ट्रक्टर सोडून तिसऱ्याच कोणीतरी उघडावी, अकाउंट्समधली व्यक्तीसुद्धा चालेल.

दुसरी गोष्ट सरासरीची. समजा 20 फॉर्म आले, त्यात 16 जणांनी 4 दिले आणि चौघांनी 5. बेरीज 84, सरासरी 4.2. आता दुसरा डेस्क घ्या, तिथे 16 जणांनी 5 दिले आणि चौघांनी 1. बेरीज परत 84, सरासरी परत 4.2. पहिल्या डेस्कवर सगळं ठीकठाक चाललंय. दुसऱ्या डेस्कवर चार माणसांच्या बाबतीत काहीतरी भयंकर चुकतंय, बहुतेक ठरावीक शिफ्टला किंवा ठरावीक रूटवर, आणि तुमच्या रिपोर्टमधे दोन्हींचा आकडा सारखाच. मी तर नंतर नंतर सरासरी काढायचीच सोडली, किती जणांनी 1 आणि 2 दिले तेवढं मोजायचं आणि त्यांनी लिहिलेलं शब्दन् शब्द वाचायचं. साठ पायलटांत सॅम्पल वगैरेच्या भानगडीत पण पडू नका, सगळ्यांनाच विचारा. मोठ्या सर्व्हेतसुद्धा शंभर माणसं निवडली तरी टक्केवारी दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते, तिथे तुमच्या वीस फॉर्मांवरून मागच्या तिमाहीत 4.5 होतं आता 4.6 झालं म्हणजे सुधारणा झाली असं म्हणणं म्हणजे नुसती हवा.

तिसरी गोष्ट, जी बहुतेक कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आभाळ उघडलं की मार्क वाढतात. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, गोंदिया-नागपूरकडे उडवलेल्यांना माहीत आहे. ब्रीफर म्हणाला नऊपर्यंत निघणार नाही, मुलगा खोलीवर जाऊन झोपला, आणि धुकं निघालं पावणेआठला. स्लॉट गेला, मुलगा चिडला, दोन मार्क. दुसऱ्या दिवशी ब्रीफरने नीट न बघताच ठोकून दिलं की साडेसातपर्यंत मोकळं होईल, नशिबाने झालं, पाच मार्क. म्हणजे मार्क मिळाले हवामानाला, ब्रीफरच्या कामाला नाही. काही महिने असं चाललं की ब्रीफरसुद्धा शिकतो की गोड बोललं की बरं असतं, आणि हा धडा फार वाईट.

यावर उपाय एकच, मार्कांच्या शेजारी दुसरी वही ठेवायची. आपण काय सांगितलं आणि झालं काय. एवढं तर कोणीही करू शकतं, दर सकाळी ब्रीफरने एक ओळ लिहायची, 'व्हिजिबिलिटी 5 किलोमीटरच्या वर (किंवा खाली) अमुक वाजता जाईल', आणि खरी कधी गेली ते बाजूला. 5 किलोमीटर यासाठी की आपल्याकडे व्हीएफआरसाठी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून उडायला, व्हिजिबिलिटी 5 किलोमीटर आणि सीलिंग, म्हणजे ढगांच्या तळाची उंची, 1500 फूट लागतं, त्यामुळे तुमच्या मुलांचा उडायचं की बसायचं हा निर्णय तिथेच होतो. 6 चे 8 किलोमीटर झाले तर कोणाला फरक पडत नाही. तीन महिन्यांत चार खाने भरतात, खराब होईल असं सांगितलं आणि झालं, सांगितलं आणि झालं नाही, सांगितलं नाही आणि झालं, उरलेला चौथा. यातला तिसरा खाना सगळ्यात महत्त्वाचा, न सांगता खराब झालेले दिवस. ते किती आणि कोणत्या परिस्थितीत, हे एकदा कागदावर आलं की फॉर्ममधल्या शिव्यांचा अर्थ लागायला लागतो.

आणि हो, अंदाज शंभर टक्के बरोबर येईल अशी अपेक्षा खुद्द आयकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचीही नाही. त्यांच्या हवामान सेवेच्या पुस्तकात, अ‍ॅनेक्स 3 मधे, टॅफच्या (विमानतळाच्या हवामान अंदाजाच्या) अचूकतेची अपेक्षा दिलेली आहे, वाऱ्याची दिशा 20 अंशांच्या आत, वेग 5 नॉटच्या आत, आणि हे शंभरपैकी 80 वेळा जमलं तरी पुरे. ढगांच्या उंचीला तर 70 च धरलेत. म्हणजे पुस्तकातच पाचातला एक चुकणार हे गृहीत आहे, आणि हे तुमच्या विद्यार्थ्यांना माहीत नसेल तर ते प्रत्येक चुकलेल्या अंदाजाचे मार्क डेस्कच्या खात्यातून कापणार.

शिवाय मेटार कुठलं आहे हेही बघायला पाहिजे. बारामतीवरून उडणाऱ्याने पुण्याचं मेटार बघून ठरवायचं म्हटलं तर जुलैमधे पुण्याला ढग टेकलेले आणि बारामतीला कोरडं ऊन असं कितीदा होतं, पर्जन्यछायेचा भाग आहे तो. उलट जाताना घाटाकडे काय आहे हे बारामतीच्या आभाळावरून कळत नाही. हे ज्याला कळतं तो ब्रीफर, नुसतं मेटार वाचून दाखवणारा नाही, कारण मेटार-टॅफ तर मुलाने सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर बघितलेलंच असतं, विंडी अ‍ॅप उघडून रंगीत नकाशेही बघितलेले असतात. मी एकदा मुद्दाम डेस्कच्या मागे बसून अर्धा तास ऐकलं. आमचा माणूस एका दमात मेटार वाचतोय, समोरचा मोबाइलमधे तेच बघत 'हो सर, हो सर' करतोय, सही करतोय, जातोय. एकाने पण एक प्रश्न विचारला नाही! त्या दिवसापासून माझ्या फॉर्ममधे एक प्रश्न कायमचा बसला: 'मोबाइलवर जे आधीच बघितलं होतं त्यापेक्षा वेगळं असं डेस्कवर काय कळलं?' पहिल्या महिन्यात बहुतेकांनी ही जागा कोरी सोडली, आणि मला जे कळायचं ते त्या कोऱ्या जागेतूनच कळलं.

समजलंय का हे तपासायचं असेल तर समजलं का असं विचारू नका. महिन्यातून दोनदा, परीक्षा म्हणून नाही, सहज, ब्रीफिंग घेऊन बाहेर पडलेल्याला अ‍ॅप्रनवर, विमानं उभी असतात तिथे, गाठा आणि विचारा की तुझ्या टॅफमधे टेम्पो (मधेच थोडा वेळ होणारा बदल) काय होता. आमच्याकडे एकाने खरंच सांगितलं की टेम्पो म्हणजे थोडा वेळ, सोडून द्यायचं असतं. आता टेम्पोमधला प्रत्येक झटका तासाभरापेक्षा कमी आणि सगळे मिळून दिलेल्या कालावधीच्या निम्म्यापेक्षा कमी, ही व्याख्या बरोबर आहे, पण वादळी पाऊस पाऊण तास जरी तुमच्या फील्डवर बसला आणि तुमच्याकडे इंधन अर्ध्या तासाचं असेल तर सोडून काय देणार? क्यूएनएच आणि वारा फोनवर किंवा तोंडी दिला की समोरच्याने परत म्हणून दाखवायचा हा नियम आम्ही त्या 1013 नंतर केला, आणि किती वेळा दुरुस्त करावं लागलं याच्या टिकल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारायला लागलो. मला विचाराल तर सगळ्या फॉर्मांपेक्षा त्या कॅलेंडरने जास्त शिकवलं.

आता फ्लाइट सपोर्ट. इथे घोळ असा होतो की पायलट सगळा राग एकाच ओळीत काढतो. क्रॉस-कंट्रीला निघायचंय, एफआयसी नंबर आला, एडीसी नंबर अजून नाही, फोन लागत नाही, ऊन चढतंय, विमानात बसून घामाघूम, शेवटी चाळीस मिनिटांनी नंबर मिळतो आणि फॉर्मवर 'ऑप्स सपोर्ट: 1'. यात डेस्कची चूक किती? कधी शून्य, आणि कधी शंभर टक्के, कारण फ्लाइट प्लॅनच उशिरा फाइल केला होता. फॉर्मवरून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी वेळा लिहा: पायलटने सांगितलं कधी, प्लॅन फाइल झाला कधी, नंबर मागितला कधी, मिळाला कधी, पायलटला सांगितला कधी. पाच वेळा, रजिस्टरमधे पाच रकाने. आम्ही हे केलं तेव्हा निघालं की नंबर आल्यावर तो पायलटपर्यंत पोचायलाच कधी कधी दहा-बारा मिनिटं जातायत, कारण डेस्कवरचा माणूस तो कागदावर लिहून इंधनाच्या बाउझरकडे गेलेला असायचा. वायुसेनेकडे बोट दाखवत बसलो होतो आम्ही इतके दिवस.

पण वेळा मोजायच्या म्हणून फक्त वेळाच मोजत बसू नका, त्याचाही अतिरेक झालेला आहे. अमेरिकेत तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, 2005 च्या ऑक्टोबरमधे फ्लाइट सर्व्हिस स्टेशनचं, म्हणजे पायलटांना ब्रीफिंग द्यायचं, काम अलास्का सोडून बाकी सगळीकडे खासगी कंपनीला, लॉकहीड मार्टिनला दिलं. 58 स्टेशन्सचं काम थोड्याशा केंद्रांत गोळा झालं, करारात मोजमापं ठरली, फोन 20 सेकंदांत उचलायचा वगैरे. 2007 मधे नवीन यंत्रणेवर जाताना होल्डवर ताटकळणं, कॉल तुटणं, फाइल केलेले फ्लाइट प्लॅन गायब होणं यावरून तिकडच्या पायलटांनी आकाशपाताळ एक केलं. नंतर फोन उचलण्याच्या वेळा बऱ्याच सुधारल्या. पण एक तक्रार सेकंदांत मावणारी नव्हती, ती म्हणजे शेकडो मैलांवर बसलेल्या ब्रीफरला आमच्या दरीत सकाळी ढग कसा साचतो हे माहीत नाही. तिथली आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिकडे ब्रीफर परिस्थिती वाईट असेल तर व्हीएफआर उड्डाणाची शिफारस नाही असं सांगतो. आता हे वाक्य ज्या दिवशी तासाभरात आभाळ मोकळं होतं त्या दिवशीही ऐकू यायला लागलं की पायलट ते कानाआड करतात, लांडगा आला रे आला. तुमच्या डेस्कवरही असं एखादं वाक्य असेलच, आमच्याकडे 'बघून जा रे, वेदर आहे' असं होतं. म्हणजे नक्की काय बघून जा? फॉर्ममधे विचारा की या महिन्यात डेस्कने दिलेला कोणता इशारा तुम्ही मनावर घेतला नाही आणि का. उत्तरं वाचून झोप उडते.

नोटॅमचंही तेच. 7 जुलै 2017 ला सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं 759 रात्री रनवेऐवजी टॅक्सीवेवर उतरायला निघालं होतं, खाली चार विमानं रांगेत उभी, अगदी थोडक्यात वाचली. शेजारचा रनवे बंद असल्याचा नोटॅम क्रूला मिळालेल्या 27 पानी ब्रीफिंगमधे होता, आठव्या पानावर. चौकशीनंतर एनटीएसबीचे, म्हणजे अमेरिकेतल्या अपघात तपास संस्थेचे, तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी नोटॅमच्या या ढिगाला सरळ कचरा म्हटलं होतं. आता विचार करा, त्या ब्रीफिंग पॅकेजला 'माहिती पूर्ण होती का' असा प्रश्न विचारला असता तर काय उत्तर आलं असतं? पूर्ण होतीच की! म्हणून 'पूर्ण' विचारू नका, 'आजच्या उड्डाणाला लागणारी गोष्ट कितव्या पानावर सापडली' हे विचारा. आम्ही नंतर पहिल्या पानावर मार्करने तीन ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही असं ठरवलं, त्यावरून इन्स्ट्रक्टर लोकांशी भांडणंही झाली, प्रत्येकाला त्याची चौथी ओळ महत्त्वाची वाटायची.

एक मोठा गट राहिला, जे उडालेच नाहीत. तुमचा फॉर्म कोण भरतो? जो लॅंड होऊन आला तो. ज्याने ब्रीफिंग ऐकून उड्डाण रद्द केलं, जो अर्ध्या वाटेतून परत फिरला, किंवा ज्याला डेस्कनेच सोडलं नाही, त्यांचा फॉर्म कुठाय? ब्रीफिंगचा खरा उपयोग झाला तो याच लोकांना, किंवा खरा तोटा झाला तो पण यांनाच. रद्द उड्डाणांचं रजिस्टर तुमच्याकडे असतंच, त्यातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी संध्याकाळी एकच मेसेज: 'आज रद्द केलंत, ब्रीफिंगमधल्या कोणत्या गोष्टीवरून? नंतर हवामान बघून निर्णय बरोबर वाटला का?' एवढंच. उत्तरं भरपूर येतात, कारण बसून राहिलेल्या पायलटाला बोलायचं खूप असतं.

विचारायचं कधी, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन महिन्यांनी विचारलंत तर माणूस शेवटचा आठवडा आठवतो आणि त्यावर तीन महिन्यांचा शिक्का मारतो. प्रश्न चार-पाचच्या वर नकोत. इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी वेगळे मोजा, एकत्र नाही, कारण विद्यार्थ्याला ब्रीफर म्हणजे मास्तर वाटतो आणि इन्स्ट्रक्टरला मदतनीस, त्यांचे पाच मार्क एकाच वजनाचे नसतात. लिहिण्याची जागा मराठी-हिंदी-इंग्लिश कशातही चालेल असं वर ठळक लिहा, आमच्या एका मुलाने सहा महिने 'गुड' लिहिलं आणि मराठीत लिहायची मुभा दिल्यावर पानभर लिहिलं.

आणि ऑडिटरचं काय, तर घाबरू नका. हवामान सेवेला क्वालिटी सिस्टिम लागते हे अ‍ॅनेक्स 3 मधेच आहे आणि आयएसओ 9001 वापरणारा प्रत्येक जण ग्राहकाचं मत मागतो, पण मत म्हणजे सरासरीच हवी असं कुठेही नाही. मी ऑडिटरपुढे ते कॅलेंडर, पाच रकान्यांचं रजिस्टर आणि 1-2 मार्कवाल्या फॉर्मांवर काय केलं याची एक पानी नोंद ठेवली होती. त्याने सरासरी विचारली, मी म्हटलं काढत नाही, का काढत नाही ते 84 चं गणित करून दाखवलं. त्याने ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं आणि चहा मागवला.

तुमच्या इन्स्ट्रक्टर लोकांच्या टपरीवर मात्र तुम्ही स्वतः एकदा जाऊन बसा, फॉर्म न घेता. पहिल्या दिवशी गप्प बसतील. तिसऱ्या दिवशी कोणीतरी बोलेलच, आणि जे बोलेल तो तुमच्या नवीन फॉर्ममधला पहिला प्रश्न.